वेग उतरवताना

हे मनन सावकाश करायचं आहे. त्यासाठी पाऊण तास मोकळा ठेवा. प्रत्येक टप्पा वाचून झाला की दोन श्वास जाऊ द्या, मगच पुढे सरका. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी गॅरेजमध्ये तिच्याशेजारी बसून करावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी खुर्चीत बसून केलं तरी चालेल. पाठ सैल सोडा. तळवे मांडीवर उघडे ठेवा.

मनापुढे एक गाडी उभी करा. 1968 सालची शेव्हरोले सी-10 पिकअप. पुढे एकसलग बैठक, मागे उघडा हौदा, समोर दोन गोल दिवे. अमेरिकेतल्या शेतांवर आणि छोट्या गावांत अशा गाड्यांनी गवताचे भारे, लाकूड, कुंपणाची तार वाहिली. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी त्यांतल्या कितीतरी अजून चालतात, कारण कोणीतरी त्यांची मनापासून देखभाल करतं. आणि अशी गाडी रोजच्या रस्त्यावर आणायची ठरवलेल्या माणसाच्या मनात लवकरच एक काम येतं: पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायचे. कंपनीने स्वतः 1971 पासून या पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क दिली. आपली गाडी त्या वळणाच्या तीन वर्षं अलीकडची आहे. नंतरच्या गाड्यांचे भाग तिला थोड्या जुळवाजुळवीने बसतात.

आज आपण ते काम मनातल्या मनात, हळूहळू करू.

वेगाचं ओझं

गाडी सरळ रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाने चालली आहे असं समजा. चालकासह तिचं वजन साधारण 1,800 किलो. या क्षणी तिच्या गतीत जवळजवळ 7 लाख ज्यूल ऊर्जा आहे. घरच्या शेगडीवर दोन लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी 50 वर आणला, तर ही ऊर्जा निम्मी होत नाही, पाव होते. वेग दुप्पट केला की ओझं चौपट होतं.

आता ब्रेकवर पाय ठेवा. पाच-सहा सेकंदांत गाडी उभी राहते. दोन लिटर पाणी उकळवणारी ती ऊर्जा कुठे गेली? ती नष्ट झालेली नाही. ऊर्जा नष्ट होत नसते. ती चाकांजवळच्या ओतीव लोखंडात उष्णता होऊन उतरली. ब्रेक एवढंच करतो: गतीची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेला देऊन टाकतो. पहिला भाग जमला आणि दुसरा जमला नाही, तर पुढच्या वेळी थांबताना कमी पडतं.

इथे थांबा. आज दिवसभरात तुम्ही किती वेळा थांबलात ते आठवा. सिग्नलला, दारात, बोलता बोलता एखाद्या वाक्यापाशी. त्या प्रत्येक थांबण्यात काहीतरी तापलं असेल. त्याचं नाव शोधायची घाई नको. फक्त एवढं लक्षात असू द्या.

बंद भांडं

चाक काढा. मागे सुमारे 11 इंच व्यासाचा ड्रम दिसेल: ओतीव लोखंडाचं, कडा वळवलेलं भांडं. त्याच्या पोटात अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू, त्यांच्यावर लायनर, वरच्या बाजूला छोटा व्हील सिलिंडर, आणि शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा.

या यंत्राचा आधी आदर करा, कारण ते हुशार आहे. पहिला शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढू लागतो. ओढला गेलेला शू खालच्या बाजूने दुसऱ्या शूला रेटतो आणि दुसरा आणखी जोराने ड्रमवर दाबला जातो. चालकाच्या पायाने दिलेल्या जोरात चाक स्वतःचा जोर मिसळतं. म्हणूनच बूस्टर नसतानाही साध्या पायाने एवढी जड गाडी थांबत आली. ताकद हे ड्रमचं उणं कधीच नव्हतं.

त्याचं उणं आहे ते बंदपणात. घर्षण आतल्या बाजूला होतं, उष्णता आतच जन्मते, आणि बाहेर पडायला तिला लोखंडाची सगळी जाडी ओलांडावी लागते. लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, आणि तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो. पेडल खाली जायला लागतं. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. आणि इथे ड्रमची हुशारीच त्याच्यावर उलटते: शू एकमेकांचा जोर वाढवतात, त्यामुळे पकडीतली थोडीशी घटही कितीतरी मोठी होऊन पायाखाली येते. डाव्या आणि उजव्या चाकात किंचित फरक पडला, एका ड्रममध्ये पाणी शिरलं, तर तो फरकही तसाच वाढतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

आपल्याकडे खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्या जुन्या चालकांना हे पुस्तकाविना ठाऊक असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं ते नवख्याला सांगतात. इंजिनाला थोडा भार उचलू द्यायचा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत आणि खालच्या वळणावर हवे तेव्हा हाताशी राहतात.

डोळे मिटा. स्वतःमधली अशी एखादी जागा पाहा जिथे ताकद भरपूर आहे पण वारा लागत नाही. जिथे धरून ठेवण्याचं कौतुक होतं, आणि म्हणून आतली ऊब कोणाला दिसत नाही. तिला दोष देऊ नका. तिने बराच काळ तुम्हाला सांभाळलं आहे. तीन श्वास तिच्यासोबत राहा.

सोडवणं

आता उतरवायचं काम. गाडी सपाट, टणक जमिनीवर आहे. मागच्या चाकांना अटकाव लावला आहे. चासीखाली भक्कम घोड्या आहेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली हात घालत नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. तोंडावर योग्य मास्क, धूळ ओली करून पुसायची, फडकं पिशवीत बंद करायचं.

स्प्रिंगा सुटतात. शू सुटतात. ब्रेकचा पाइप सैल होतो आणि काळपट तेल थेंबाथेंबाने ताटलीत पडतं. मग जुना स्टब ॲक्सल बॉल जॉइंटवरून मोकळा होतो. गंजलेला नट अडला तर त्याला तेल द्या आणि वाट पाहा. जोर वाढवण्याआधी वेळ द्यावा, हे जुनं लोखंड फार चांगलं शिकवतं.

काढलेला प्रत्येक भाग फडक्यावर क्रमाने मांडा. एका बाजूचं काम पुरं होईपर्यंत दुसरी बाजू जोडलेली राहू द्या. काही विसरलं तर तिथे पाहता येतं. मांडलेल्या भागांवरून एकदा नजर फिरवा. हे भाग हरलेले नाहीत. ज्या वेगांसाठी आणि ज्या रस्त्यांसाठी ते घडवले होते, तिथे ते पुरे पडले. आज रस्त्यावर पुढे धावणारी गाडी डिस्क ब्रेकवर आणि एबीएसवर फार थोड्या अंतरात उभी राहते. तिच्या मागून येणाऱ्या जुन्या पिकअपला त्याच अंतरात थांबता यायला हवं. बदलाचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

उघडी चकती

नवा रोटर हातात घ्या. साधारण 12 इंच व्यासाची, सव्वा इंच जाडीची जड चकती. काठाकडून पाहा: दोन सपाट तोंडं आहेत आणि त्यांच्यामध्ये पोकळ जागेत पाती आहेत. चाक फिरलं की ही पाती मध्यातून हवा ओढतात आणि कडेने बाहेर फेकतात. घर्षण होतं ते बाहेर, उघड्यावर. जिथे उष्णता जन्मते तिथेच वारा लागतो. पाणी उडालं तरी फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं आणि उरलेलं पॅड पुसून काढतात. आणि तापलेली चकती फुगली तर ती पॅडच्या दिशेनेच फुगते, दूर जात नाही.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. 1953 साली ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, तासन् तास, पुन्हा पुन्हा त्याच जोराने थांबता येतं, हे तिथे दिसलं. शेतावरच्या पिकअपपर्यंत यायला तिला आणखी 18 वर्षं लागली.

आता कॅलिपर पाहा. यात एकच पिस्टन आहे, जवळजवळ तीन इंचांचा. तो आतल्या पॅडला चकतीवर दाबतो. त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर आपल्या पिनांवरून उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने चकतीला भिडतो. एका बाजूने ढकललं आणि दोन्ही बाजूंनी धरलं. मात्र पिना स्वच्छ आणि वंगण घातलेल्या हव्यात. कॅलिपर अडकला तर एकच पॅड राबतो आणि झिजतो.

पाय उचलला की काय होतं? पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग इथे नाही. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी रिंग आहे. दाबाखाली ती किंचित पिळवटते. दाब गेला की आपल्या मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढं अंतर चाक मोकळं फिरायला पुरतं. सोडण्याची सगळी क्रिया या केसभर अंतरात होते.

आणखी एक गोष्ट मनाशी धरा. चकती पायाच्या जोरात स्वतःचा जोर मिसळत नाही. जेवढं मागाल तेवढंच देते. म्हणून तिला जास्त दाब लागतो आणि इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडावा लागतो. पण तिच्या देण्याला प्रमाण असतं. पाव जोर दिला तर पाव थांबणं, निम्मा दिला तर निम्मं, गरम असताना तसंच आणि थंड असतानाही तसंच. तुमच्या ओळखीत असं कोणी माणूस आहे का, जे रागावलं तरी गोष्टीच्या मापानेच रागावतं? त्याची आठवण काढा. एक श्वास त्याच्या नावाने घ्या.

तळहातावरचं ग्रीस

रोटर बसण्याआधी बेअरिंग भरायचे आहेत. हे काम घाईने होत नाही, म्हणून मननाला योग्य आहे.

डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या. शंकूच्या आकाराच्या बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबा आणि तळहातावर ओढा. पुन्हा दाबा. काही वेळाने ग्रीस रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूने बाहेर येताना दिसेल. बेअरिंग थोडा फिरवा आणि पुढची जागा भरा. सगळी फेरी पूर्ण होईपर्यंत असंच. बाहेरून चोपडलेला बेअरिंग भरलेला दिसतो, पण तो आतून कोरडा असतो. आतून वर आलेलं ग्रीस पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रोटर स्टब ॲक्सलवर चढवा. त्याच्यावरचं कारखान्यातलं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा; पॅडच्या वाटेत वंगणाचा थेंबही नको. चकती फिरवत फिरवत मधला नट हलका आवळा, म्हणजे बेअरिंग आपल्या जागी बसतात. मग नट सैल करा आणि फक्त बोटांनी पुन्हा टेकवा. स्प्लिट पिन घाला. आत अगदी थोडी हालचाल उरली पाहिजे, इंचाच्या काही हजारांश भागाएवढी. तेवढी मोकळीक ठेवली नाही तर बेअरिंग तापून जळतो. जास्त ठेवली तर चाक डुगडुगतं. बोटांना हे माप शिकायला वेळ लागतो, तो द्या.

एक बदल, अनेक जबाबदाऱ्या

चाकाशी काम संपलं असं वाटेल. संपलेलं नाही. चकती बसवली म्हणजे पेडलपासून टायरपर्यंतची सगळी वाट नव्याने पाहावी लागते.

ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो नळीत सुमारे 10 पीएसआय दाब शिल्लक ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या घट्ट राहतात. ड्रममध्ये स्प्रिंगा असतात, त्या या दाबावर मात करून शू मागे घेतात. डिस्कमध्ये स्प्रिंग नाही. तोच दाब तिथे राहिला तर पॅड चकतीला घासत राहतात, आणि कोणीही ब्रेक दाबलेला नसताना चाक तापतं. म्हणून डिस्क-ड्रम जोडीसाठीचाच मास्टर सिलिंडर घ्यायचा. मोठ्या पिस्टनला जास्त तेल लागतं, म्हणून त्याची पुढच्या ब्रेकची टाकीही मोठी असते.

मग कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. मागच्या शूंना आधी आपल्या स्प्रिंगा ओलांडून ड्रमपर्यंत पोहोचायचं असतं. तेवढा वेळ हा व्हॉल्व्ह पुढच्या डिस्कला थांबवून धरतो. जोरात ब्रेक लागला की तो मागच्या चाकांचा दाब आवरतो. पिकअपमध्ये याला विशेष अर्थ आहे. हौदा रिकामा असेल तर मागची बाजू हलकी असते. थांबताना भार आणखी पुढे झुकतो. मागची चाकं आधी अडकली तर गाडीची शेपटी फिरते. एकाची पकड वाढवताना दुसऱ्याची आवरावी लागते.

चाकाचे नटही पाहा. 1970 पर्यंत या अर्ध्या टनाच्या पिकअपला सहा नटांची चाकं होती. 1971 पासून पाच नटांची आली. नंतरचे भाग पुढे बसवले आणि मागचं जुनं ठेवलं, तर पुढे पाच, मागे सहा, आणि एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. सहा नटांचे रोटरही मिळतात. काय निवडायचं ते आधी ठरवा, रात्री रस्त्याच्या कडेला टायर बसल्यावर नव्हे.

मागचे ड्रम मात्र राहू द्या. तिथे भार कमी, उष्णता कमी, आणि हँडब्रेकही त्यांच्यावरच आहे. जे चांगलं चाललं आहे ते नव्याच्या उत्साहात उपटायचं नाही.

या टप्प्यावर स्वतःला विचारा: अलीकडे मी आयुष्यात कोणता एक भाग बदलला? नोकरी, घर, एखादी सवय. त्याच्या मागच्या नळ्यांत जुना दाब अजून शिल्लक आहे का? उत्तर आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी प्रश्न आपलं काम करत राहील.

हवा काढणं

द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून तसाच चाकापर्यंत जातो. हवा दाबली जाते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पाय स्पंजावर पडल्यासारखा आत जातो.

कॅलिपरचं ब्लीडर निपल वरच्या टोकाला आहे ना, ते पाहा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतं, हवा वर अडकते आणि कितीही तेल वाहवलं तरी निघत नाही. बॅंजो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घाला.

हे काम दोघांचं आहे. एक पेडलपाशी, एक चाकापाशी. चाकापासचा म्हणतो, "दाब." पेडलपासचा दाबतो आणि सांगतो, "धरलंय." निपल उघडतं, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, निपल बंद होतं. मगच "सोड". निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या गाडीत चालक डावीकडे बसतो, म्हणून आधी मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका.

दाब, धरलंय, सोड. या तीन शब्दांच्या लयीत काही फेऱ्या श्वास घ्या. समोरच्याने सांगितल्याशिवाय न सोडणं, आणि सांगितल्यावर धरून न बसणं. पेडल आता टणक लागत असेल.

पहिलं थांबणं

इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतो आहे. प्रत्येक जोड कोरड्या बोटाने तपासा. बोट ओलं झालं तर काम बाकी आहे. या कामावर इतरांचे जीव अवलंबून असतात, म्हणून रस्त्यावर जाण्याआधी जाणत्या मेकॅनिकची नजर त्यावरून फिरू द्या. हा कमीपणा नाही, कामाचाच भाग आहे.

पहिलं थांबणं चालण्याच्या वेगाने, मोकळ्या जागेत. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 च्या आसपासून हळुवार वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, आणि पुढच्या वेळेआधी चकतीला वारा लागू द्या. असं बरेचदा करा. पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर चकतीवर बसतो आणि दोघांची जोडी जमते. पहिल्याच दिवशी जोराची परीक्षा घेतली तर तो थर डागाडागांनी बसतो आणि पेडल थरथरत राहतं. पहिल्या प्रवासानंतर चाकाचे नट पुन्हा आवळून पाहा.

आता स्वतःकडे

गाडी बाजूला राहू द्या. दिवसाच्या शेवटी तुमच्या अंगात किती वेग उरतो, ते पाहा. तो कुठे उतरतो? घट्ट आवळलेल्या जबड्यात, झोपेत, की घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर?

थांबण्याची ताकद वाढवायची म्हटलं की आपण पकड वाढवायला जातो. अधिक निग्रह, अधिक गप्प बसणं. ड्रमने दाखवलं की पकड मुबलक असूनही उष्णतेला वाट नसेल तर ती ऐनवेळी सुटते. म्हणून आधी वाट करा. आज थांबताना जे तापलं त्यातली एक गोष्ट निवडा आणि ती उघड्यावर आणा: विश्वासाच्या माणसाला सांगा, कागदावर लिहा, किंवा तिच्यासाठी अर्धा तास चाला. मोठी नको, एकच. आणि जेवढी ती तापली होती तेवढ्याच मापाने.

हे एकदा करून भागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं. डॉट 3 प्रतीचं ताजं तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. बाहेरून पाहून फरक कळत नाही आणि पेडलही रोजच्यासारखंच लागतं. कळतं ते लांब उतारावर. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी कितीही छान चालत असली तरी. ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी हे मननही पुन्हा पहिल्या श्वासापासून करा.